टिंब आणि स्वल्पविराम

सातवीची घटक चाचणी होती. प्रश्न साधा होता. एका खोक्याचं वजन १.२५० किलो, ढकलगाडीवर १५ किलोपर्यंतच भार चालतो, तर जास्तीत जास्त किती खोकी ठेवता येतील? पंधराला सव्वाने भागायचं, उत्तर बारा. वर्गातल्या एका शांत, नीटनेटक्या मुलाने लिहिलं होतं: १५ : १२५०. त्याखाली भागाकाराची एक ओळ आणि मग इंग्रजीत उत्तर, ‘एकही नाही’.

मी लाल शाईने फुली मारली. भागाकार विचारलाय आणि हा गुणोत्तर लिहितोय, वर दशांशचिन्हही गाळतोय, असं वाटलं. सांगली जिल्ह्यातल्या शाळेत सहा वर्षं शिकवून मी नवऱ्याच्या नोकरीमुळे इंडोनेशियात आले होते. २०१४ चा जुलै होता. जाकार्ताला खेटून असलेल्या तांगेरांग शहरातल्या एका शाळेत नुकतीच रुजू झाले होते. मुलं पहिल्या महिन्यात असे गोंधळ घालतातच, असं मनाशी म्हणून मी तो पेपर गठ्ठ्यात सरकवला.

मधल्या सुट्टीत शिक्षकखोलीत माझ्या शेजारी नागरिकशास्त्र शिकवणाऱ्या बाई बसायच्या. त्यांना मी तो पेपर दाखवला. त्यांनी क्षणभर पाहिला आणि आपल्या ताटाखालची कँटीनची पावती ओढून माझ्यापुढे ठेवली. नासी गोरेंग, १५.०००. म्हणजे पंधरा हजार रुपिया. महिनाभर मी अशाच पावत्या घेऊन पैसे देत होते आणि त्यातलं टिंब मला दिसलं नव्हतं.

इंडोनेशियात टिंब हजारांसाठी असतं आणि दशांशासाठी स्वल्पविराम. ही डच राजवटीपासूनची रीत आहे. आपण ३.१४ लिहितो तिथे ते ३,१४ लिहितात. भागाकारालाही तिथल्या पुस्तकांत दोन टिंबांचंच चिन्ह असतं. तेव्हा त्या मुलाने वाचलं होतं, एका खोक्याचं वजन बाराशे पन्नास किलो. मग पंधरा किलोच्या गाडीवर किती खोकी? एकही नाही. त्याची रीत बरोबर होती, भागाकार बरोबर होता, उत्तरामागचं शहाणपणही बरोबर होतं. प्रश्नपत्रिका ज्या देशाच्या रीतीने छापली होती तो देश फक्त त्याचा नव्हता.

त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की ‘राष्ट्रीय आणि आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रमांचा संगम’ असं जे शाळेच्या माहितीपत्रकात छापलेलं असतं, तो संगम शेवटी एका बारा वर्षांच्या मुलाच्या वहीत, एका टिंबापाशी होत असतो. गेली अकरा वर्षं मी तिथे उभी आहे. तिथून काय दिसतं ते सांगायचं आहे.

नावातून ‘इंटरनॅशनल’ गेलं

आमच्या प्रकारच्या शाळेला इंडोनेशियात एस-पे-का म्हणतात. अर्थ साधारण ‘सहकार्याने चालणारी शिक्षणसंस्था’. इंडोनेशियातली संस्था आणि परदेशी शिक्षणसंस्था यांनी मिळून चालवलेली शाळा. त्यासाठीचा शिक्षण मंत्रालयाचा नियम २०१४ चा, मी गेले त्याच वर्षीचा. त्या नियमानंतर अशा शाळांना आपल्या नावातून ‘इंटरनॅशनल’ हा शब्द काढावा लागला. १९५१ पासूनची प्रसिद्ध जाकार्ता इंटरनॅशनल स्कूल तेव्हाच जाकार्ता इंटरकल्चरल स्कूल झाली.

नियमाचा गाभा असा: परदेशी अभ्यासक्रम खुशाल शिकवा, पण इंडोनेशियन मुलाला तीन विषय चुकणार नाहीत. धर्मशिक्षण, पंचशील (म्हणजे तिथल्या राष्ट्राची पाच तत्त्वं) आणि नागरिकत्व, आणि इंडोनेशियन भाषा. परदेशी मुलांनाही तिथली भाषा आणि संस्कृती थोडी शिकवायची. धर्मशिक्षण त्या त्या मुलाच्या धर्माचं आणि त्याच धर्माच्या शिक्षकाकडून, असं २००३ च्या शिक्षण कायद्यातच आहे. तिथे सहा धर्मांना शासनमान्यता आहे. त्यामुळे त्या तासाला वर्ग फुटतो आणि मुलं वेगवेगळ्या खोल्यांत जातात. तास संपला की पुन्हा एकत्र येऊन माझ्यासमोर बसतात आणि केंब्रिजचं बीजगणित काढतात.

या नियमामागे एक जखम आहे. त्याच २००३ च्या कायद्यात एक कलम होतं की सरकारने प्रत्येक स्तरावर निदान एक तरी शाळा ‘आंतरराष्ट्रीय दर्जाची’ करावी. त्यातून सरकारी शाळांचा मोठा प्रकल्प उभा राहिला. तेराशेच्या आसपास शाळा त्यात आल्या. गणित आणि विज्ञान इंग्रजीतून शिकवायचं ठरलं. शिक्षकांना इंग्रजी पुरेसं येत नव्हतं, शाळा पालकांकडून जादा पैसे घेऊ लागल्या, आणि एकाच गावात सरकारच्याच दोन प्रतीच्या शाळा झाल्या. पालक आणि शिक्षणात काम करणारी मंडळी संविधान न्यायालयात गेली. ८ जानेवारी २०१३ रोजी न्यायालयाने ते कलमच रद्द केलं. ही रचना भेदभाव करते आणि मुलांची राष्ट्रभाषेशी असलेली नाळ सैल करते, असा निकालाचा आशय होता.

हे समजून घ्यायला त्या भाषेची कथा माहीत हवी. सातशेहून अधिक भाषांच्या या द्वीपसमूहात सर्वांत जास्त लोकांची मातृभाषा जावानीज. पण २८ ऑक्टोबर १९२८ रोजी तरुणांनी एकत्र येऊन शपथ घेतली ती जावानीजची नाही, तर मलय भाषेवर उभ्या राहिलेल्या ‘इंडोनेशियन’ची. संख्येने मोठ्या असलेल्यांनी आपली भाषा मागे ठेवून सर्वांना सोपी पडेल ती पुढे केली. म्हणून तिथे शाळेत कोणती भाषा चालावी हा प्रश्न निघाला की लोक देश कसा झाला तिथपासून बोलायला लागतात. ते मला परकं वाटत नाही. संयुक्त महाराष्ट्राच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या माणसाला ते लगेच कळतं.

जुलैतला जुळणीचा आठवडा

शाळा जुलैत सुरू होते. त्याआधीचा आठवडा आम्ही शिक्षक दोन्ही अभ्यासक्रमांची कागदपत्रं टेबलावर पसरून बसतो. एका बाजूला राष्ट्रीय अभ्यासक्रम. आधी २०१३ चा होता, २०२२ पासून ‘मर्देका’ म्हणजे ‘स्वतंत्र’ नावाचा आला. दुसऱ्या बाजूला केंब्रिजचा, ज्यात सातवी ते नववी हा एक टप्पा आणि त्यानंतर आयजीसीएसई ही परीक्षा. काम वरवर कारकुनी वाटतं. हा धडा इकडे आहे का, तिकडे आहे का, आधी कुठे येतो. पण खरी मेहनत इथेच असते.

उदाहरणार्थ, संच. २०१३ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रमात ते सातवीत होते. केंब्रिजकडे संचांची चिन्हं मुख्यतः आयजीसीएसईला येतात. नफा-तोटा, सरळव्याज, मालाचं एकूण आणि निव्वळ वजन यांचा ‘सामाजिक अंकगणित’ नावाचा मोठा घटक इंडोनेशियन पुस्तकात असतो. तो पाहून मला आपल्या जुन्या पुस्तकांतले किराणा दुकानदार आठवले. केंब्रिज त्याच वयात संभाव्यता आणि आकृत्यांची रूपांतरं यांच्यावर अधिक वेळ देतं. दोन्ही पूर्ण शिकवायचं म्हटलं तर वर्षाला तेरा महिने लागतील. मग आम्ही ठरवतो: कोणता घटक एकदाच शिकवून दोन्हीकडे धरायचा आणि कोणता दोनदा शिकवावाच लागेल.

दोनदा शिकवावं लागतं ते बहुतेक वेळा परीक्षेमुळे. २०१९ पर्यंत आमच्या मुलांना राष्ट्रीय परीक्षाही द्यावी लागायची. गणिताच्या पेपरात पर्यायांतून उत्तर निवडायचं, बाकी कच्चं काम कुणी पाहत नसे. केंब्रिजच्या पेपरात उलट. तिथे रीतीला वेगळे गुण असतात. शेवटचं उत्तर चुकलं तरी पायऱ्या बरोबर असतील तर गुण मिळतात, आणि नुसतं उत्तर लिहून पायऱ्या गाळल्या तर गुण जाऊ शकतात. उत्तर पूर्ण अचूक नसेल तर तीन सार्थ अंकांपर्यंत द्या, कोन एका दशांश स्थळापर्यंत, हेही ठरलेलं. एकच मूल सोमवारी झटपट पर्याय निवडायला शिकायचं आणि मंगळवारी सावकाश पायऱ्या मांडायला. ती राष्ट्रीय परीक्षा पुढे बंद झाली. २०२१ पासून निवडक मुलांची वाचन आणि अंकज्ञान तपासणारी नवी चाचणी आली. तीत गुण मुलाला मिळत नाहीत, शाळेची पारख होते. माझ्या मते हा बदल फार चांगला झाला. मुलाच्या डोक्यावरचं एक ओझं तरी उतरलं.

मग राष्ट्रीय अभ्यासक्रम सोडूनच का देत नाहीत, असं इकडचे नातेवाईक विचारतात. कायदा आहे हे एक उत्तर. दुसरं असं की सगळी मुलं मेलबर्न किंवा सिंगापूरला जात नाहीत. कुणाला बांदुंगच्या तंत्रशिक्षण संस्थेत जायचं असतं, कुणाला योग्याकार्ताच्या गाजा मादा विद्यापीठात. सरकारी विद्यापीठांची लेखी प्रवेशपरीक्षा इंडोनेशियन भाषेत होते. तिथे केंब्रिजचं प्रमाणपत्र प्रश्न वाचून देत नाही.

अडीच वाजता

दुसऱ्या वर्षी एक प्रसंग घडला. आमच्या एका ब्रिटिश सहकाऱ्याने नाटकाच्या तालमीसाठी मुलांना सांगितलं, ‘हाफ थ्री’ला या. इंग्लंडात त्याचा अर्थ साडेतीन. मुलं अडीचलाच येऊन सभागृहाच्या पायऱ्यांवर तासभर बसून राहिली. कारण इंडोनेशियनमध्ये ‘स्तङाह तिगा’, शब्दशः ‘अर्धे तीन’, म्हणजे अडीच. तिसरा तास अर्धा झाला, असा तो हिशोब. हाही डचांकडून आलेला.

सहकारी चक्रावला. मी मात्र त्या पायऱ्यांवर मुलांशेजारी बसून वेगळ्याच विचारात पडले. आपला ‘अडीच’ कुठून आला? संस्कृत ‘अर्धतृतीय’ पासून. ज्यातला तिसरा अर्धा आहे ते. म्हणजे माझ्या भाषेने हाच हिशोब डच जावात येण्याच्या कितीतरी आधी मांडला होता, आणि त्याच भाषेत ‘साडेतीन’ म्हणताना आम्ही दुसरी रीत वापरत होतो. माझे आजोबा मला पावकी, निमकी, दिडकी, अडीचकी म्हणायला लावायचे. अडीच दुणे पाच, अडीच त्रिक साडेसात. ते अडीच मी तोंडपाठ केलं होतं, पण उघडून पाहिलं ते तांगेरांगच्या पायऱ्यांवर.

मग मला अशा जागा दिसायलाच लागल्या. इंडोनेशियनमध्ये एकवीसला ‘दुआ पुलुह सातू’ म्हणतात, म्हणजे वीस एक. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘एकवीस’ सोबत ‘वीस एक’ असं वाचन आलं आणि महाराष्ट्रात केवढं वादळ उठलं. बालभारतीच्या गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर शांतपणे सांगत होत्या की जोडाक्षरांत आणि उलट्या क्रमात अडकणाऱ्या लहान मुलाला ही एक पायरी आहे. मी त्या बातम्या तिथे वाचत होते आणि शेजारच्या पहिलीच्या वर्गात मुलं ‘दुआ पुलुह सातू’ म्हणत वीस अधिक एक सहज लिहीत होती. मला एकवीस, एकतीस, एक्केचाळीस यांची लय प्रिय आहे, ती जाऊ नये. पण नारळीकर काय म्हणत होत्या ते मला त्या वर्गाच्या दारात उभं राहून कळलं.

फळ्याच्या कोपऱ्यातल्या फुल्या

आता जे सांगते ते सांगताना मला वाईट वाटतं. त्या काळी शाळेत नियम होता: इंग्रजी माध्यमाच्या तासाला इंग्रजीच बोलायचं. गणिताच्या तासाला कुणी इंडोनेशियनमध्ये बोललं तर फळ्याच्या कोपऱ्यात त्याच्या नावापुढे फुली. पाच फुल्या झाल्या की मधल्या सुट्टीत बाहेर जायचं नाही. पहिली दोन वर्षं त्या फुल्या मीही मारल्या. मला वाटायचं, मुलांचं भलं करतेय. मी स्वतः आठवीपासून सेमी इंग्रजीत शिकले, आणि इंग्रजी नीट न आल्याने मागे पडलेल्या मैत्रिणी मी पाहिल्या होत्या.

नियमाचा परिणाम हळूहळू दिसला. वर्ग इंग्रजी बोलायला लागला नाही, वर्ग गप्प झाला. ज्यांना घरी इंग्रजी होतं ती चार-पाच मुलं उत्तरं देत. बाकीची शंका विचारत नव्हती, कारण शंका अर्धवट असते आणि अर्धवट गोष्ट परक्या भाषेत मांडणं सर्वांत अवघड. पक्कं उत्तर पाठ करून इंग्रजीत सांगता येतं. ‘हे इथून इथे कसं आलं?’ हे मात्र आईच्या भाषेतच बाहेर पडतं.

फुली कधी थांबली तेही सांगते. त्रिकोणांचे प्रकार चालू होते. एक मुलगी ‘आयसॉसिलीज’ शब्दापाशी अडली होती. चार वेळा स्पेलिंग लिहून झालं, तरी शब्दाला चेहरा मिळेना. मागून कुणीतरी हळूच म्हणालं, ‘समा काकी’. तिचा चेहरा उजळला. इंडोनेशियनमध्ये समद्विभुज त्रिकोणाला ‘सगितिगा समा काकी’ म्हणतात. समा म्हणजे समान, काकी म्हणजे पाय. ज्याचे दोन पाय सारखे तो त्रिकोण. मी नियमाप्रमाणे खडू उचलला आणि हात तिथेच थांबला. कारण ‘आयसॉसिलीज’ हा ग्रीक शब्दही अगदी हेच सांगतो, सारख्या पायांचा. परक्या शब्दाला अर्थ परत मिळाला होता आणि मी त्यासाठी एका मुलाला शिक्षा करायला निघाले होते.

मी खडू फळ्यावर आणला आणि तीन रकाने आखले. पहिल्यात इंग्रजी, दुसऱ्यात इंडोनेशियन. तिसरा माझा. तिथे लिहिलं, समद्विभुज. मुलांनी विचारलं, म्हणजे काय? दोन सारख्या भुजांचा, मी म्हणाले. वर्गात चर्चा पेटली की त्रिकोणाला पाय असतात की हात. उभा केला की पाय, कुणीतरी म्हणालं, आणि आडवा झोपवला की हात. त्या दिवशी वर्गातला प्रत्येक जण बोलला. आणि समद्विभुज त्रिकोणाची व्याख्या त्या वर्गातलं कुणीही नंतर विसरलं नाही.

ते रकाने आता भिंतभर पसरलेत. एलसीएम, तिथला कापेका, आपला लसावि. एचसीएफ, तिथला एफपेबे, आपला मसावि. काटकोन त्रिकोणाला ते ‘सिकू-सिकू’ म्हणतात. सिकू म्हणजे कोपर. हाताचं कोपर दुमडून मुलं काटकोन दाखवतात. गुरू आणि भाषा तर सारखेच, आणि मेजा, कुर्सी, लमारी हे शब्द तिथे ऐकले तेव्हा मला घरी आल्यासारखं झालं. काही संस्कृतातून गेलेले, काही अरबीतून, काही पोर्तुगिजांनी दोन्ही किनाऱ्यांवर टाकलेले.

मुख्याध्यापिकांना मी हे सगळं सांगितलं तेव्हा त्यांनी रास्त प्रश्न विचारला: पालक पैसे इंग्रजीसाठी देतात, आणि परीक्षा इंग्रजीतच आहे, त्याचं काय? खरं आहे. केंब्रिजच्या पेपरात ‘शो दॅट’ आलं की उत्तर दिलेलंच असतं, तिथवर कसं पोचलात ते मांडायचं. ‘हेन्स’ आलं की आधीच्या उपप्रश्नाचं उत्तर वापरायचं, नवी वाट काढायची नाही. हे शब्द इंग्रजीतच मुरायला हवेत. म्हणून आम्ही ठरवलं: शंका, गटातली चर्चा, पहिला विचार कोणत्याही भाषेत. वहीत उतरवायचं ते इंग्रजीत. तासाची शेवटची दहा मिनिटं प्रत्येकाने आपलं उत्तर इंग्रजीत उभं राहून सांगायचं. मुलांचं इंग्रजी यामुळे कमी झालं नाही. बोलायला काही असलं की भाषा येते.

फुलाचं व्याज

आता उलटी बाजू. जाकार्ताच्या आसपास अशी एक पिढी वाढते आहे, जिच्या तोंडी इंग्रजी आधी येतं. घरी आई-वडील इंग्रजी बोलतात, मोबाइलवर इंग्रजी, शाळेत इंग्रजी. अशी एक मुलगी माझ्याकडे होती, गणितात फार हुशार. राष्ट्रीय परीक्षेच्या सरावाला सरळव्याजाचं उदाहरण इंडोनेशियनमध्ये आलं. तिने माझ्याकडे पाहून विचारलं, ‘मिस, बँकेत फुलं कशाला?’

इंडोनेशियनमध्ये ‘बुङा’ म्हणजे फूल, आणि बँकेचं व्याज म्हणजेही ‘बुङा’च. मुद्दलाला आलेला फुलोरा. शब्द किती सुंदर आहे. पण तो तिच्या आजीच्या भाषेतला होता आणि तिला परका झाला होता. सोलो शहरातल्या त्या आजीशी ती फोनवर दोन वाक्यांपुढे बोलू शकत नसे, असं तिच्या आईनेच मला पालकसभेत सांगितलं. सांगताना त्यांचे डोळे भरून आले होते.

त्या मुलीचे सगळे राष्ट्रीय विषय वेळापत्रकात होते. सोमवारी सकाळी ध्वजवंदन व्हायचं, पंचशील म्हटलं जायचं. भाषेचे तास नेमाने होत होते. नियमाच्या बाजूने बोट ठेवायला जागा नव्हती. तरीही व्याज तिला फूलच वाटलं. कारण आम्ही तिची भाषा ध्वजाला दिली होती, धर्माला दिली होती, नागरिकशास्त्राला दिली होती, पण जिथे डोकं लावावं लागतं अशा एकाही कामाला दिली नव्हती. ज्या भाषेत कधी हिशोब केला नाही, वाद घातला नाही, चुकून पुन्हा बरोबर केलं नाही, ती भाषा विषय म्हणून उरते. आदर मिळतो, पण सवय राहत नाही.

अकरा वर्षांत मला जे कळलं ते एवढंच आहे. दोन अभ्यासक्रमांची शाळा वेळापत्रकात दोन रंगांचे चौकोन भरून तयार होत नाही. मुलाच्या भाषेला अवघड विषयाच्या वर्गात काम मिळतं का, यावर ती ठरते. तसं काम मिळालं तर इंग्रजीही सुधारतं आणि आपली भाषाही टिकते. नाही मिळालं तर एका बाजूला गप्प बसलेली मुलं उरतात आणि दुसऱ्या बाजूला आजीशी न बोलू शकणारी.

आपल्याकडे

दरवर्षी सुट्टीत गावी आले की भाचे-पुतण्यांच्या प्रवेशाच्या चर्चा कानावर पडतात. केंब्रिज, आयबी, सीबीएसई, सेमी. महाराष्ट्राने २०१८ मध्ये जिल्हा परिषदेच्या काही शाळा घेऊन स्वतःचं आंतरराष्ट्रीय मंडळ काढून पाहिलं, ते काही वर्षांतच गुंडाळलं गेलं. मुंबई महापालिकेने केंब्रिज आणि आयबीच्या शाळा सुरू केल्या. २०२० च्या कायद्याने सर्व मंडळांच्या शाळांत पहिली ते दहावी मराठी सक्तीची झाली. तो कायदा मला मनापासून पटतो. इंडोनेशियाने जे केलं तेच आपण केलं. पण तांगेरांगमध्ये मी जे पाहिलं त्यावरून सांगते, तास सक्तीचा करणं ही सुरुवात आहे. त्या तासाबाहेर मराठीला काम मिळालं नाही तर दहा वर्षांनी आपल्या मुलांनाही ‘मुद्दल’ आणि ‘सव्वा’ हे शब्द विचारावे लागतील.

सेमी इंग्रजीच्या वर्गात हे काम आजही चालतं. शिक्षक ‘हायपोटेन्यूज’ म्हणतात आणि लगेच ‘म्हणजे कर्ण’ असं जोडतात. अनेक शिक्षकांना त्याची लाज वाटते, निरीक्षक आले की ते ‘म्हणजे’ गिळतात. माझी त्यांना कळकळीची विनंती आहे, ते ‘म्हणजे’ सोडू नका. परदेशात महागड्या शाळा जे करायला धडपडतात ते तुम्ही रोज फुकट करत आहात.

आणि पालक मला विचारतात, शाळा निवडताना काय पाहायचं? इमारत पाहा, निकाल पाहा, शिक्षक किती दिवस टिकतात तेही पाहा. पण एक प्रश्न नक्की विचारा: माझ्या मुलाला गणिताच्या तासाला शंका आली तर ती तो कोणत्या भाषेत विचारू शकतो? उत्तर देताना मुख्याध्यापक थबकले, तर घरी येऊन विचार करा.

तो खोक्यांचा पेपर मी दुसऱ्या दिवशी मुलाला परत दिला. फुली खोडली होती, रीतीचे गुण दिले होते. आणि वर्गासमोर सांगितलं होतं की चूक प्रश्नपत्रिकेची होती. तेव्हापासून आमच्या प्रत्येक गणिताच्या पेपरावर पहिली ओळ असते: या पेपरात टिंब म्हणजे दशांश. राष्ट्रीय चाचणीच्या सरावपेपरावर: इथे स्वल्पविराम म्हणजे दशांश. मुलं आता डोळे मिटून दोन्हीकडे जातात.

कँटीनची ती पावती केव्हाच पुसट झाली, म्हणून दरवर्षी नवी घेते. जुलैच्या पहिल्या बैठकीत नव्याने आलेल्या शिक्षकांपुढे ती ठेवते आणि विचारते, हे किती? कुणी लंडनहून आलेलं असतं, कुणी मनिलाहून, कुणी पुण्याहून. कुणी ‘पंधरा’ म्हणतं, कुणी विचारात पडतं. मग आमच्या नागरिकशास्त्राच्या बाई, ज्या आता निवृत्तीला आल्यात, आपल्या जागेवरून म्हणतात, ‘लीमा बलास रिबू.’ पंधरा हजार. आणि आम्ही दोन अभ्यासक्रम टेबलावर उघडतो.